लेव्हर्नचं झाड

जून उजाडला की कॅनडातून कॉलेजच्या पोरांची टोळी येते आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेते. पृथ्वी कशी जपावी हा त्यांचा विषय. तो शिकायला ती समुद्र ओलांडून विमानानं येतात आणि माझा गॅस किती जळतो ते टिपून घेतात. मी त्यांना तसं तोंडावर सांगते. हसतात बिचारी. वाईट नाहीत पोरं, फक्त भूक फार आणि पथ्यं त्याहून फार. यंदा एकानं मला आमचा बकऱ्याच्या मटणाचा रस्सा, गोट वॉटर, बकऱ्याशिवाय करता येईल का असं विचारलं. म्हटलं, येईल की, नळाखाली भांडं धर.

आमचं माँटसेराट म्हणजे केवढंसं बेट! त्यातलं दक्षिणेचं अर्धं ज्वालामुखीच्या डोंगरानं गिळलं. आधी राख, मग आग, मग दर पावसाळ्याला चिखल. उरलेल्या उत्तरेच्या अर्ध्यात आम्ही दाटीवाटीनं राहतो. त्यातही जे उरलो ते आम्ही. निम्म्याहून जास्त माणसं तेव्हाच जहाजात बसून इंग्लंडला गेली. माझी लेक लेव्हर्न त्यातलीच. माझी बहीण नेरिसा तिला घेऊन गेली तेव्हा पोरीचे दुधाचे पडून पुढचे दात नुकते आले होते. मी मागून जाणार होते. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिनं सांगून टाकलं होतं की डोंगर आला तर येऊ दे, मी बोटीत बसणार नाही. तिला टाकून कशी जाऊ? ती पुढं इतकी वर्षं जगली की लेव्हर्नला तिकडं शाळा मिळाली, मैत्रिणी मिळाल्या, नोकरी मिळाली, नवरा मिळाला आणि सुटलाही. आजीच्या मातीला आली होती. चार दिवस राहिली, हॉटेलात. उन्हानं अंगावर पुरळ उठलं म्हणाली.

रविवारी दुपारी तिचा फोन येतो, चर्चहून मी परतले की. यंदा पोरं यायच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, "मम्मी, खोली रंगवून घेतलीय. खिडकी बागेकडं उघडते. आता पुरे झालं. ये इकडं."

"मी येऊन काय करू तिथं?"

"राहा. आराम कर. तिथं एकटी काय करतेस? सरकारी घरात राहतेस, परक्या पोरांना रांधून घालतेस."

"आणि तू? तू नाही यायचीस कधी?"

मग ती अगदी समजुतीनं म्हणाली, लहान मुलाला सांगतात तसं, "माझं तिथं काय राहिलंय, मम्मी? पुढच्या रविवारी मला हो किंवा नाही सांग. तिकिटं महाग व्हायला लागलीत."

हे ती चिडून बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण ती शांतपणे बोलली, आणि तेच मला लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. मला इंग्लंडात, तिच्या लेस्टरला जायचं नव्हतं. मला ती इथं हवी होती. तिनं माझ्या पायरीवर बसावं, मी मासा साफ करत असताना माझ्या चुका काढाव्यात, एवढंच हवं होतं. पण असं कुणाला मागायचं? ज्या पोरीला आपण स्वतःच्या हातानं बोटीत बसवलं तिला परत ये म्हणायला जीभ रेटत नाही.

तिचं इथं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. तिचं झाड.

आमच्यात मूल झालं की त्याची नाळ वाळून पडते, ती घराच्या अंगणात पुरायची आणि तिच्यावर झाड लावायचं. ते झाड त्या मुलाचं. बापाच्या जमिनीत असलं तरी बापाचं नाही. त्याचं फळ कुणी घ्यायचं तर मालकाला विचारून घ्यायचं, मग मालक गुडघ्याएवढा का असेना. लेव्हर्नचं झाड आंब्याचं, दक्षिणेत हार्टिगन हिलवर आमच्या जुन्या घराच्या गॅलरीसमोर. माझी आई, जी पाद्र्यालाही जुमानत नसे, ती त्या चिमुरडीसमोर झगा सावरून उभी राहायची आणि म्हणायची, "मॅडम, एक घेऊ का?" आणि पोरगी हात पसरून म्हणायची, "घ्या, घ्या, सगळ्यांना द्या!" सगळ्या वस्तीनं तिचे आंबे खाल्ले. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मीच ओरडायचे, अग, घरात ठेव चार.

डोंगर फुटल्यावर मी एकदाच तिकडं जाऊन आले होते, पोलिसांच्या गाडीतून. तेव्हा घर खिडक्यांपर्यंत गाडलं गेलं होतं आणि झाडाला एक पान नव्हतं. तसं मी लेव्हर्नला सांगितलंही होतं. ती "अरेरे" म्हणाली होती.

तर मी मनाशी ठरवलं. पोरांना दक्षिणेत जायचा परवाना मिळतोच, आपणही जायचं. झाड मेलं असेल तर रविवारी हो म्हणायचं आणि पेटी भरायची. जिवंत असेल तर काय, ते मी ठरवलं नव्हतं. तिथपर्यंत माझा विचार गेलाच नाही.

पोरांचे प्रोफेसर ऑल्डन म्हणजे ताडमाड माणूस, नाक कायम उन्हानं सोललेलं. त्यांना मी म्हटलं, "परवान्यात माझंही नाव घाला. डबे कोण वाढणार तिथं?"

"आम्ही वाढून घेऊ की, मिस इडोना. तुम्हाला कशाला त्रास?"

"तुम्ही वाढलेलं मी पाहिलंय. नाव घाला."

घातलं.

गाडी क्लेव्हन रायलीची. क्लेव्हन आमच्या खालच्या वस्तीतला, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. तोच गाडी चालवतो आणि तोच वेधशाळेचा वायरलेस सांभाळतो. डोंगरानं कूस बदलली की वायरलेसवरून हुकूम येतो आणि हातातलं टाकून निघायचं. मला पुढच्या सीटवर बसलेली बघून तो म्हणाला, "आज काय मिस इडोना, माहेरी निघालात?"

"तू समोर बघून चालव."

"लिपस्टिक लावलीय म्हणून विचारलं."

लावली होती खरी. स्वतःच्या घरी जायचं तर का लावू नये?

बंद भागाचं फाटक ओलांडलं की आधी ओढ्याचा सपाट पट्टा लागतो. तिथं राखेची वाळू ट्रकांत भरत होते. ती बोटीनं दुसऱ्या बेटांवर जाते, तिथं तिची हॉटेलं बांधतात. प्रोफेसरांनी गाडी थांबवून पोरांना समजावलं की संकटातून साधनसंपत्ती कशी तयार होते त्याचा हा उत्तम नमुना. पोरं माना डोलवत होती, फोटो काढत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरांनो, तो माणूस खोरं मारतोय ना, त्याच्या खाली मिसेस डेलींचं परस आहे. रताळी लावायच्या तिथं. चांगला नमुना होता तोही."

टेस नावाची एक मुलगी होती, नाकात चमकी घालणारी, सगळ्यात जास्त खाणारी आणि म्हणून माझ्या लाडाची. तिनं फोन खाली केला. मला जरा वाईट वाटलं. तिनं काय डोंगर फोडला होता?

चढावर रस्ता संपला तिथून चालत निघालो. पूर्वी तिथं दुकान होतं, चर्च होतं, माझ्या चुलत्याचं शिवणकाम होतं. आता सगळीकडं काटेरी झुडपं माजलेली, मध्येच एखादं पत्र्याचं छप्पर जमिनीलगत दिसायचं, आणि वरून गंधकाचा वास. मोकाट झालेली डुकरं आम्हाला बघून झाडीत पळाली. कुणाची डुकरं होती ती! त्यांच्या आज्यांना मी नावानं हाक मारायचे. पोरं मागं माती गोळा करत थांबत होती, मी मात्र थांबले नाही. क्लेव्हन ओरडला, "मिस इडोना, पुढं जाऊ नका एकट्या!" पण मला पाय आवरेनात.

घराचं फक्त छप्पर राहिलं होतं. गॅलरी, पायऱ्या, दार, सगळं खाली. मी छपराच्या कडेला उभी होते म्हणजे माझ्या स्वतःच्या पलंगाच्या कितीतरी वर उभी होते. आणि समोर, जिथं झाडाचा बुंधा असायला हवा तिथं, एक हिरवागार झुडुपवजा डेरा जमिनीतून वर आला होता. मला आधी ओळखूच येईना. मग ती वाकडी फांदी दिसली, जिच्यावर लेव्हर्नला चढू द्यायचं नाही म्हणून मी रोज घसा फोडायचे. ती फांदी आता माझ्या कमरेच्या उंचीला होती. राख आणि चिखल गळ्यापर्यंत आला आणि झाडानं तोंड वर काढून धरलं होतं. पानं होती. आणि आंबे लगडलेले, पिवळे, लाल गालांचे, काही तर राखेवर टेकलेले.

मी मटकन खाली बसले. रडू आलं नाही. मी नुसती बघत राहिले. ज्या शेंड्यावरच्या आंब्यांना क्लेव्हनचा बाप लांब काठी घेऊन यायचा, ते आता पाच वर्षांच्या पोरानं तोडावेत असे लोंबत होते. पण तिथं पाच वर्षांचं पोर कुठून यायचं?

तेवढ्यात पोरं येऊन पोचली. दमलेली, घामाघूम. आंबे दिसल्यावर त्यांना कोण आनंद झाला! माझं लक्ष जाईपर्यंत दोघातिघांनी आपल्या टोप्या भरल्या होत्या आणि टेसनं एक आंबा शेंड्याकडून सोलून त्यात दात रोवले होते.

"खाली ठेव!" मी एवढ्या जोरात ओरडले की डोंगराकडं बघणारा क्लेव्हन धावत आला. त्याला वाटलं वायरलेसवर काही आलं.

टेस तोंडात घास घेऊन तशीच उभी. "विषारी आहेत का?"

"विचारलंस का कुणाला?"

"कुणाला विचारायचं? इथं कुणीच..."

"कुणीच नाही? हे माझं अंगण आहे! आणि ते झाड माझ्या मुलीचं आहे. तिची नाळ आहे त्याच्याखाली. मी तिची आई असून तिला विचारल्याशिवाय कधी खाली पडलेलाही उचलला नाही, आणि तुम्ही टोप्या भरता?"

पोरं गोरीमोरी झाली. प्रोफेसर पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चूक झाली, मिस इडोना. आम्हाला कल्पना नव्हती. पण असं बघा, आता तोडलेलेच आहेत. नाहीतरी इथं ते कुजणार, डुकरं खाणार. अन्न वाया घालवण्यापेक्षा..."

मी कॅनडातून आलेल्या त्या मोठ्या माणसाकडं बघितलं. त्यांचं बरोबरच होतं, तेच तर चीड आणणारं होतं. माझं सगळं गाव वाया गेलं आणि हे आंब्यांचा हिशेब सांगत होते.

टेसनं तोंडातला घास कसाबसा गिळला. तिचे डोळे भरले होते. "मग आपण त्यांना विचारूया का? तुमच्या मुलीला? फोन लागतो का इथून?"

क्लेव्हन म्हणाला, "छपराच्या त्या टोकाला, समुद्राकडं तोंड करून लागतो कधीकधी."

तोपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं, आणि सुचल्यावर बरं वाटलं नाही. कारण उत्तर मला ठाऊक होतं. ती म्हणणार, मम्मी, वेडी आहेस का, यासाठी कामावर फोन करतात? खाऊ दे त्यांना. किंवा त्याहून वाईट, म्हणणार, कुठलं झाड? आणि मग माझ्याकडं काहीच उरणार नव्हतं. झाड जिवंत असून उपयोग काय, मालकीणच ओळख विसरली तर? मला वाटलं, नको करायला फोन. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मी पत्र्यावर गेले आणि फोन लावला.

बऱ्याच वेळानं तिनं उचलला. ती बसच्या आगारात कचेरीत काम करते. मागं कुणीतरी माणूस गाड्यांची नावं पुकारत होता.

"मम्मी? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या झाडाशी उभी आहे."

"कुठल्या झाडाशी?"

मी आवाज कडक ठेवला. "तुला अशी किती झाडं आहेत ग?"

मागचा माणूस पुकारतच होता. मग ती म्हणाली, "ते मेलं ना? तूच म्हणालीस, पान नाही म्हणून."

"तेव्हा नव्हतं. आता आहे. आंबे आहेत, ढिगानं. माझ्याबरोबर ही कॉलेजची पोरं आलीत. त्यांनी काही तोडलेत, एकीनं तर चावलाही. बाकीच्यांना मी अडवलंय. मालकिणीला विचारते म्हटलं. तर विचारते, देऊ का त्यांना?"

हे मी एका दमात बोलले, आणि मग ती समजूतदार आवाजात हो म्हणेल म्हणून डोळे मिटून उभी राहिले.

"नाही."

"काय?"

"नाही म्हणते ना! बिलकूल द्यायचे नाहीत. कोण लागून गेले ते माझे आंबे खाणारे? ठेवायला सांग खाली, एकूण एक!"

लेस्टरची ती इस्त्री केलेली भाषा कुठल्या कुठं गेली होती. हार्टिगन हिलची बाई बोलत होती, कमरेवर हात ठेवून. माझ्या आईचा आवाज तिच्या तोंडातून येत होता.

"अग, पण एकीनं चावलाय ना," मी म्हटलं.

"तिला दे फोन."

टेस घाबरत घाबरत पत्र्यावर चढली. तिनं फोन कानाला लावला आणि आधी तीनदा सॉरी म्हणाली. मग नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गोड. खूप गोड. पण धागे आहेत, दातांत अडकतात. सालीजवळ आंबट... हो, हो, तसाच वास." मग पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "नाही, चढावं नाही लागत. हात पोचतो." मग तिनं फोन माझ्याकडं दिला आणि तोंड फिरवून समुद्राकडं बघत उभी राहिली.

"मम्मी," लेव्हर्न म्हणाली. आवाज आता बारीक झाला होता. "हात पोचतो म्हणते ती. वाकड्या फांदीलाही?"

"पोचतो. माझ्या कमरेला आहे."

"मला तू कधी चढू दिलं नाहीस तिथं."

"पडली असतीस."

ती रडत होती की मागचा गोंगाट होता, ते कळेना. मला म्हणायचं होतं, ये. आता चढ, नाहीतर नुसती बस त्या फांदीवर, मी ओरडणार नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण तीच बोलली. "कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येईपर्यंत नाही. ऐकलंस? मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"ऐकलं," मी म्हटलं, आणि फोन तुटला.

मी परत लावला नाही. कधी येणार, हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं रजा बघितली असती, तिकीट बघितलं असतं, पुन्हा समजूतदार झाली असती.

खाली पोरं टोप्या धरून उभी होती. प्रोफेसरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली!" मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लिपस्टिकचं काय झालं असेल देव जाणे. "नाही म्हणाली माझी पोरगी! ठेवा, ठेवा सगळे खाली. एकूण एक!"

पोरांनी एकेक आंबा नेऊन झाडाच्या बुडाशी, राखेवर, हलक्या हातानं ठेवला. टेसनं आपला उष्टा आंबाही ठेवला. त्या ढिगाकडं बघताना प्रोफेसरांचा जीव तुटत होता हे दिसत होतं. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. "आठवड्याभरात यातलं काही शिल्लक राहणार नाही, मिस इडोना."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा येतील."

वायरलेस खरखरला, वर ढग धरत होते, निघायला सांगितलं. परतताना मी मागं वळून बघितलं नाही. ती इथं असती, याच वाटेनं माझ्यापुढं धावत असती, या विचारात वाट नीट दिसेना, म्हणून मी क्लेव्हनचा हात धरून उतरले. इतकी हवीशी ती मला बोटीत बसली त्या दिवशीही वाटली नव्हती.

गाडीत बसल्यावर क्लेव्हननं फाटक येईपर्यंत दम धरला. मग म्हणाला, "मग रविवारी काय सांगणार लेस्टरला? पेटी भरायची की नाही?"

"मला कुठं यायला जमतंय, सांगणार. झाड राखायचंय."

"राखायचं? मिस इडोना, तिथं पाऊल ठेवायला परवाना लागतो. राखणार कशा?"

"तू परवान्याचं बघ," मी म्हटलं. "मालकिणीनं मला सांगून ठेवलंय."